माझं मत कुणाला गेलं

मला प्रत्येक गोष्टीवर मत असे. वांग्यांवर, मोटारीवर, सरकारवर, शेजारणीच्या लुगड्याच्या काठावर. कुणी विचारलेलं नसे, तरी असे. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "बरमदेव हिच्या तोंडाला झाकण द्यायचं इसरला." त्या रागानं म्हणायच्या नाहीत. मुरलेल्या लोणच्याविषयी बोलावं तसं, झालं ते झालं, आता खायचं, अशा सुरात म्हणायच्या.

एकोणीसशे तिसाच्या पुढची ती वर्षं. आमचा मळा बारामतीपासून कोस-दीड कोसावर, माळेगावच्या अंगाला, कालव्याच्या भिजणीत होता. वांगी, कांदा, पेरूची बाग आणि थोडा ऊस. माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं निरवांगी. नदीकाठ सोडला की सगळं कोरडवाहू, आणि माणसंही बोलायला कोरडी. मीच एक अशी कशी निपजले कुणास ठाऊक. इंदापुरात माझे मामा शाळामास्तर होते. त्यांनी मला ठेवून घेतलं आणि सातवीच्या फायनल परीक्षेला बसवलं. मी पास झाले. लग्नाच्या बोलण्यात आमच्याकडून दाखवण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून मामांनी तो दाखलाच बैठकीत फिरवला, असं ते पुढे हसून सांगत.

मुलगी पसंत पडल्यावर एक अडचण निघाली. माझं आणि होणाऱ्या सासूचं नाव एकच. एका घरात एका नावाच्या दोघी चालत नाहीत. सुनेला बोल लावायचा तर सासूच्या नावानं कसा लावणार? तेव्हा लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि आमच्या कारभाऱ्यांनी अंगठीनं त्यावर माझं नवं नाव लिहिलं. भोवती जमलेल्या बायकांत कुणालाच वाचता येत नव्हतं. सगळ्या ताटाकडे बघत राहिल्या, म्हणून शेवटी मीच मान वर करून ते मोठ्यानं वाचून दाखवलं. नवरीनं असं करू नये म्हणतात. मला वाट बघवत नसे, हा माझा पहिल्यापासूनचा दोष.

तेव्हापासून जुनं नाव आत्याबाईंचं झालं. पण त्यांना तरी त्या नावानं कोण हाक मारत होतं? सासरे, आमचे मामंजी, 'अगं' म्हणायचे, मुलं 'आई', शेजारपाजार 'काकू'. सुनेनं सासूचं नाव तोंडातून काढायचं नसतं, म्हणून मला तर ते घरात उच्चारायचीही चोरी. नाव एक, धनिणी दोघी, आणि वापरणारं कुणीच नाही. इथंसुद्धा मी ते लिहीत नाही. सवय मोडत नाही.

बाजाराविषयी माझं ठाम मत असं की पहिल्या दुकानात काही घ्यायचं नाही. बारामतीचा गुरुवारचा बाजार मी आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता चालून काढी. आत्याबाई मागून धापा टाकत यायच्या. त्यांचं बरोबर उलटं. मिरच्या एकीकडूनच, मीठ एकाकडूनच, बांगड्या एकाच कासाराकडून, आणि भाव करणं म्हणजे समोरच्याचा अपमान. आम्ही स्वतः भाजी विकणारी माणसं. पाटीत वर गोंडस वांगी आणि तळाला किडकी रचायची विद्या मला चांगली अवगत होती, त्यामुळे दुसऱ्याच्या पाटीत कोपरापर्यंत हात घातल्याखेरीज मला चैन पडत नसे. एकदा एका माळणीनं माझं मनगटच धरलं आणि विचारलं, "बाई, घ्याया आलीस का पेराया?" आत्याबाई इतक्या हसल्या की तिथंच बसल्या. मी पुढच्या पाटीकडे गेले.

कापडाच्या दुकानात जायचं म्हणजे माझं डोकं फिरायचं. लुगडं मी नेसणार, पण दुकानदार घडी उलगडायचा कारभाऱ्यांसमोर. कारभारी बिचारे पेरूचा बहर सोडून दुसऱ्या कशावर बोलत नसत. ते मान हलवायचे आणि लुगडं ठरायचं. त्या वर्षांत खादीचं वारं होतं. मीही एक खादीचं लुगडं घेतलं, हट्टानं. धुतलं की ते दोघींनी पिळावं लागे आणि थंडीत दोन दिवस वाळत नसे. देश स्वतंत्र व्हावा असं मला मनापासून वाटे; पण लुगडंही वाळावं, असंही वाटे. हे मी एका खादीधारी गृहस्थांना तोंडावर सांगितलं, तर ते म्हणाले की त्यागाला असं मोजायचं नसतं. त्यांची धोतरं कोण पिळतं, एवढंच मला विचारायचं होतं. मामंजींनी खाकरून मला आत पाठवलं.

प्रवास मला फार आवडायचा आणि फार थोडा घडायचा. दौंडाहून बारामतीला येणारी छोट्या रुळांची गाडी होती. तिच्यात बसलं की अर्ध्या वाटेत माझे पाय शिवशिवायला लागत. उतरून पुढे जाऊन इंजिनाला दोन शब्द सुनवावेत असं वाटे. माहेरी जायचं तर इंदापूरच्या मोटारीनं जायचं, मग पुढे मिळेल त्या गाडीनं नाहीतर पायी. मोटार भरल्याशिवाय सुटत नसे, आणि भरली असं ड्रायव्हरला कधी वाटतच नसे. रेल्वे ठरल्या वेळेला उशिरा येते आणि मोटारीला उशिराचीही वेळ पाळता येत नाही, हे माझं मत मी मोटारीतच मोठ्यानं सांगितलं होतं. ड्रायव्हर म्हणाला, "वैनी, उतरून ढकला, लवकर निघंल." मी खरंच उतरले. तेव्हापासून आत्याबाई माझ्याबरोबर मोटारीत बसायला तयार नसत. त्यांना मुळात कुठं जायचंच नसे. बारामतीचा बाजार आणि शेजारचं देऊळ यापलीकडची जमीन लोकांनी उगाच वाढवून ठेवली आहे, असा त्यांचा समज होता.

आणि बातम्या. मामंजींना वाचता येत नव्हतं, पण बातमीचं वेड होतं. बाजारातून येताना ते ओळखीच्या दुकानातून दोन-तीन दिवसांचं शिळं पुण्याचं वर्तमानपत्र आणत. सकाळी न्याहारी झाली की ते ओट्यावर बसत, मी उंबऱ्याच्या आत बसे, आणि वाचून दाखवी. सून सासऱ्यासमोर बोलत नाही. पण वर्तमानपत्र वाचत असेल तर बोलते ते वर्तमानपत्र, सून नव्हे. या फटीतून मी पुरेपूर घुसले. एखादी बातमी वाचताना मी मध्येच माझं एखादं वाक्य घालायची. गव्हर्नरसाहेब अमुक म्हणाले, आणि ते म्हणणं साफ खोटं आहे. कापसाचा भाव पडला, आणि पाडणारे मुंबईत गाद्यांवर लोळताहेत. मामंजी मान तिरकी करून ऐकायचे आणि विचारायचे, "ह्ये छापलंय, का तुजं हाय?"

"छापलंय की, मामंजी."

"न्हाय, छापलेलं जरा मिळमिळीत असतंय."

तरी चावडीवर जाऊन ते माझीच वाक्यं पेपरातली म्हणून सांगत. आठ दिवसांनी ती फिरून आमच्या ओट्यावर यायची. पेपरात असं आलंय, असं कुणीतरी आलेला माणूस मामंजींना सांगायचा, आणि मी आत चुलीपाशी बसून माझं मत दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची. सुख व्हायचं. पण पुढे पुढे त्याचा जाचही वाटायला लागला. बोलणं माझं, नाव पेपराचं. मला कुठंतरी एकदा माझ्या नावावर मत मांडायचं होतं.

म्हणून कौन्सिलच्या निवडणुकीची बातमी आली तेव्हा मी ती तीनदा वाचली. नव्या कायद्यानं बायकांनाही मत मिळणार होतं; बड्या जमीनवाल्यांच्या बायकांना, आणि ज्या बाईला लिहितावाचता येतं तिला. तीनदा वाचल्यावर मामंजी म्हणाले, "ह्ये मातुर तुजं हाय." मी ती ओळ दाखवत वर्तमानपत्र उंबऱ्याबाहेर सरकवलं, जसं काही ते अक्षर ओळखणार होते. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "दाखला हाय न्हवं तुजा? तलाठ्याला बोलावतो."

तलाठी आला त्या दिवशी आमच्याकडं गुऱ्हाळ चालू होतं. ओट्यावर पाहुणे, आत काहिलीवरच्या माणसांचा स्वयंपाक, आणि माझी चूल दोन्ही बाजूंनी पेटलेली. तलाठ्यानं दाखला मागितला, तो मी ट्रंकेतून काढून दिला. कागद पिवळा पडला होता, पण शिक्का स्पष्ट होता. नवऱ्याचं नाव काय, असं त्यानं विचारलं. ते मी कसं सांगणार, मामंजींनी सांगितलं. तलाठ्यानं मोडीत भराभर काहीतरी लिहिलं आणि वही माझ्याकडं फिरवली. "बाई, वाचून बघा. बरोबर हाय का?"

मोडी मला येत होती. पण तलाठ्याची मोडी फक्त तलाठ्याला येते. शिवाय आत भाकरी करपल्याचा वास येत होता. आणि खरं सांगायचं तर मला घाई झाली होती. कधी एकदा त्या वहीत जाऊन बसते असं झालं होतं. पुडीचा कागदसुद्धा उलटसुलट वाचल्याशिवाय न टाकणारी मी, माझ्यावर लिहिलेली तेवढी एक ओळ मी वाचली नाही. "बरोबर हाय," म्हणाले, खाली बाळबोधीत वळणदार सही ठोकली आणि भाकरीकडं पळाले.

पुढं यादी चावडीवर लागली. चावडीवर बायका जात नसत. मी कारभाऱ्यांना बघून यायला सांगितलं. ते गेले, आमचं आडनाव पाहिलं, आपलं नाव पाहिलं, आणि "हाय, हाय" म्हणत आले. माझं नाव वाचलंत का, असं मी खोदून विचारलं. तर म्हणाले, "आपल्या घरची दुसरी कोण शिकलीया?" हे बरोबरच होतं.

मग महिनाभर मला दुसरं काही सुचेना. उमेदवार दोघे. एक मोटारीतून आमच्या मळ्यावर आला. ओट्यावर बसला, आत्याबाईंनी दिलेलं ताक प्याला आणि "आजी, अमृत हाय" म्हणाला. कालव्याला पूल लांब असल्यामुळं आम्ही बायका डोक्यावर पाट्या घेऊन एका फळीवरून कालवा ओलांडत होतो. माझी एक जाऊ पोटुशी असताना त्या फळीवरून घसरली होती. तेव्हा मी आतून विचारलं, "निवडून आलासा तर हितं साकव घालणार का?" त्या गृहस्थानं आवाज ऐकला. पण उत्तर दिलं ते मामंजींकडं बघून. "आबा, घालू की साकव." प्रश्न माझा, उत्तर आबांना. मी तिथल्या तिथं ठरवलं, याला नाही. दुसरा उमेदवार आमच्याकडं फिरकलाच नाही. न आलेल्यानं निदान माझा अपमान केला नव्हता, म्हणून मत त्याला. राजकारणात याहून खोल कारण असावं लागतं, असं मला तेव्हा वाटत नसे, आणि अजूनही फारसं वाटत नाही.

"आत्याबाई, ह्या ताकप्याला मत द्यायचं न्हाय," असं मी रोज एकदा तरी म्हणत असे. त्यांना मत नव्हतं. एवढी जमीन आमची नव्हती आणि अक्षराशी त्यांचं कधी जमलं नव्हतं. तरी सांगायला घरात दुसरं कोण होतं? त्या शेंगा फोडता फोडता म्हणायच्या, "चांगला बोलला की गं त्यो."

मतदानाच्या दिवशी मी खादीचं लुगडं नेसले. दोन दिवस आधी धुतलं होतं, वाळेल अशा हिशोबानं, तरी काठ ओलाच होता. कारभारी आणि मामंजी सकाळीच देऊन आले होते. बायकांचं दुपारी होतं. एकटीनं जायचं नाही म्हणून आत्याबाई सोबतीला निघाल्या. बैलगाडी मी हाणायला सांगितली त्यापेक्षा हळूच चालली. वाटेत मी त्यांना मत म्हणजे काय, कौन्सिल म्हणजे काय, सगळं पुन्हा समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "तितं पाणी मिळंल का प्याला?"

शाळेच्या पटांगणात लिंबाच्या झाडाखाली बायकांना बसवलं होतं. आम्ही यादीतल्या अशा सात-आठच, बाकी सोबतिणी. सुरुवातीलाच घोटाळा झाला. पहिली बाई आत गेली, साहेबानं नवऱ्याचं नाव विचारलं, आणि तिनं पदर तोंडात धरून भिंतीकडं तोंड केलं. दुसरीनंही तेच केलं. तिसरीनं, "त्येंचंच नाव," म्हणून बाहेर गाडीत बसलेल्या माणसाकडं बोट दाखवलं. साहेब पुण्याकडचा असावा, तरुण होता. तो वैतागला, पण रागावला नाही. त्यानं शिपायाला सांगितलं, की विचारत बसू नका, यादीतून बाईचं नाव आणि आडनाव तेवढं पुकारा, ओ देईल तिला आत सोडा. मला हे फार पटलं. नवऱ्याचं नाव न घेण्याच्या खुळचटपणावर माझं मत होतंच. ते मी शेजारणीला सांगत होते.

एवढ्यात शिपायानं दारात येऊन पुकारलं. आमचं आडनाव. आणि त्याआधी आत्याबाईंचं नाव.

मी चमकले. यांचं नाव यादीत कसं? मग वाटलं, तलाठ्यानं घातलं असेल, जमीन मोजण्यात काहीतरी चूक केली असेल, बरंच झालं. शिपायानं पुन्हा पुकारलं. आत्याबाई लिंबाच्या बुंध्याला टेकून बसलेल्या, समोर बघत होत्या, ऐकलंच नसल्यासारख्या.

"आत्याबाई, तुमचं नाव पुकारत्यात."

"माजं?" त्या म्हणाल्या. "माजं कुणाला ठावं?"

"सरकारला ठावं हाय. उठा."

"मला वाचाया येत न्हाय."

"ती दाखवत्यात. उठा की, किती वेळ."

तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा मला राहवलं नाही. मी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं, पदर सारखा केला आणि पाठीला हात लावून दाराकडं लोटलं. जाता जाता कानात म्हणाले, "ताकप्याला न्हाय." त्या आत गेल्या.

बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. चालण्यात फरक पडला होता. पदर डोक्यावर होता, पण हात पदराला नव्हता. मी काय झालं ते विचारायला लागले, तर त्यांनी मला हातानंच थांबवलं आणि जाऊन आपल्या जागी बसल्या.

मी माझ्या नावाची वाट बघत राहिले. एक झाली, दोन झाल्या, सगळ्या झाल्या. शिपाई दारातच बिडी काढून उभा राहिला. मी आधी बसल्या जागी चुळबुळ केली, मग उभी राहिले, मग झाडाला दोन फेऱ्या घातल्या, आणि शेवटी सरळ आत गेले.

टेबलापाशी साहेब, दोन कारकून आणि उमेदवारांची चार माणसं होती. मी माझं नाव सांगितलं. कारकुनानं यादीवरून बोट फिरवलं. "नाही या नावाचं कुणी. नवऱ्याचं नाव सांगा."

आता सांगते ते मला आजही कबूल करायला जड जातं. इतकी मतं असलेली मी, त्या टेबलापाशी मला नवऱ्याचं नाव घेता येईना. उखाण्याशिवाय ते नाव माझ्या तोंडून कधी निघालंच नव्हतं, आणि सात परक्या पुरुषांसमोर उखाणा कसा घेणार? बाहेरच्या बायकांना मी घटकाभरापूर्वी खुळचट म्हटलं होतं. शेवटी मी कारकुनापुढचा टाक उचलला आणि एका कागदाच्या कोपऱ्यावर ते नाव लिहून दिलं.

कारकुनानं वाचलं. त्याचं बोट यादीवर एका जागी थांबलं. "हे घ्या. ही तुम्हीच ना? फायनल पास. पण हे तर झालं. मत पडलंय."

यादी छापील होती, बाळबोध अक्षरात. मी वाकून वाचली. दाखल्यावरचं माझं माहेरचं नाव, त्यापुढं कारभाऱ्यांचं नाव, त्यापुढं आमचं आडनाव. तलाठ्यानं दाखल्यावरून जसंच्या तसं उतरून घेतलं होतं. निरवांगीच्या त्या पोरीचं आणि माझ्या नवऱ्याचं नाव एका ओळीत कुणी कधी लिहिलं नव्हतं, उच्चारलंही नव्हतं. मी ते पाहतच राहिले. माझं नाव तीनदा पुकारलं होतं, आणि ते दुसऱ्याचं आहे म्हणून मीच सांगितलं होतं.

साहेबानं मान वर केली. "तुमचं मत तुम्ही दिलं नाही? मग मघाशी आली ती बाई कोण होती? खोट्या नावानं मत देणं हा गुन्हा आहे, बाई. तोतया कोण ते सांगा, मी लिहून घेतो."

उमेदवारांची माणसं पुढं सरकली. खिडकीतून लिंबाचं झाड दिसत होतं. आत्याबाई बुंध्याला टेकलेल्या नव्हत्या; ताठ बसून भोवतीच्या बायकांना हात करून काहीतरी सांगत होत्या, आणि बायका ऐकत होत्या. आमच्या घरात सांगायचं काम माझं होतं, ऐकायचं त्यांचं. मला त्या क्षणी त्यांचा राग आला, हे खरं आहे. लग्नात माझं नाव यांच्यापायी गेलं आणि आज मतही गेलं, असं मनात आलं. एक शब्द बोलले असते तर साहेबानं काहीतरी केलं असतं. मला माझं मत हवं होतं. महिनाभर मी त्यावर जगले होते. पण त्यांचं नाव खोटं नव्हतं. त्या ज्या नावानं आत गेल्या ते त्यांचंच नाव होतं.

"कुणी न्हाय," मी म्हणाले. "मीच दिलं मघाशी. ध्यानात राहिलं न्हाय."

सगळे हसले. कारकून म्हणाला, "फायनल पास, आणि दोनदा मत द्यायला आल्या." साहेब हसला नाही, पण त्यानं दार दाखवलं. मी बाहेर आले. आयुष्यात बोलण्यासारखं इतकं काही तोंडाशी येऊन मी गिळलं ते तेवढ्याच वेळी.

परतताना कालव्याच्या फळीपाशी गाडीतून उतरलो तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "झालं का गं तुजं?"

"झालं."

त्यांनी फळीवर पाय ठेवला आणि काढला. "माजी आय मला शेवटची त्या नावानं हाक मारून गेली. मंग कुणी मारली न्हाय. आज त्या शिपायानं अख्ख्या पटांगणात मारली. पयल्यांदा वाटलं, दुसरीच कुणी आसंल." मग थोडं थांबून म्हणाल्या, "सायेब उठून हुबा राहिला मला वाट द्याया."

मी विचारलं, "कुणाला दिलंसा?"

"सांगायचं नसतंय. सायबानं सांगितलंय."

ज्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नसे, शेजारच्या घरातलं भांडण जिच्याकडून सगळ्या वस्तीला कळे, तिनं ही एक गोष्ट धरून ठेवली. मी शेंगा फोडताना विचारलं, बाजारात विचारलं, आजारपणात पाय चेपताना विचारलं. उत्तर एकच. ताकप्याला दिलं असेल तर मी ज्याला नको नको म्हणत होते त्यालाच माझं मत गेलं. कधी वाटे, शेवटच्या क्षणी माझं ऐकलं असेल. साकव काही झाला नाही, त्यामुळे त्यावरूनही काही ठरवता येईना. पुढं लढाई आली, स्वराज्य आलं, मतदानं आली. मी नाव नीट लावून घेतलं, प्रत्येक वेळी यादी स्वतः वाचली, आणि माझी मतं दिली. ती कुणाला दिली ते विचारण्याआधी मीच सांगत असे.

शेवटी शेवटी आत्याबाईंना ऐकू येईना. डोळे मिटून पडलेल्या असत. 'आत्याबाई' म्हणून हाका मारून घरातली सगळी थकली, त्या हालेनात. एका सकाळी पेज घेऊन मी त्यांच्याशेजारी बसले होते. इकडंतिकडं पाहिलं, खोलीत कुणी नव्हतं. मी वाकून त्यांच्या कानात ते नाव घेतलं. बऱ्याच वर्षांनी माझ्या तोंडून निघालं. मला स्वतःलाच हाक मारल्यासारखं वाटलं.

त्यांनी डोळे न उघडता म्हटलं, "ओ."

मी विचारलं, "कुणाला दिलं होतंसा?"

त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. मग मी पेज भरवली, आणि त्या तेवढी सगळी प्याल्या.